थळ घाटाचा शिल्पकार : जेम्स बर्कले

घोटीहून मुंबईला जाणाऱ्या माणसाला इगतपुरी सोडल्यावर बोगद्यांची सवय असते. डबा अंधारतो, पोरे ओरडतात, पुन्हा उजेड येतो. हा मार्ग ज्याने आखला त्या इंजिनिअराचे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. लोहमार्गाच्या इतिहासात ते मोठे नाव आहे. त्याच्या घाटाच्या माथ्यावर राहणाऱ्या आपण तरी त्याची ओळख करून घ्यायला हवी.

जेम्स जॉन बर्कले याचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळच्या हॉलोवे येथे झाला. शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजात. पुढे रॉबर्ट स्टीफन्सन या विख्यात इंजिनिअराच्या हाताखाली तो तयार झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन झाली तेव्हा तिच्या मुख्य निवासी इंजिनिअराची जागा त्याला मिळाली. फेब्रुवारी १८५० मध्ये तो मुंबईत उतरला. वय अवघे तीस.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी धावली, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. पण बर्कलेच्या दृष्टीने ते काम सोपेच म्हणायचे. खरा प्रश्न कल्याणच्या पुढे होता. समोर सह्याद्री भिंतीसारखा उभा. दख्खनचा कापूस मुंबई बंदरात आणायचा तर ही भिंत ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. मूळ विचार माळशेज घाटाने जाण्याचा होता. बर्कलेने डोंगर पायाखाली घातला, मोजणी केली आणि तो बेत अव्यवहार्य ठरवला. त्याने दोन वाटा सुचवल्या : पुण्याकडे बोर घाट आणि नाशिककडे थळ घाट. माळशेजचा बेत टिकला असता तर आगगाडी घोटीला आली असती का, हा विचार मनात येऊन जातो.

थळ घाटाची चढण सुमारे सव्वानऊ मैलांची. एवढ्यात ९७२ फूट उंची गाठायची, म्हणजे सर्वांत कठीण जागी दर ३७ फुटांना १ फूट चढ. तेरा बोगदे आणि सहा मोठे दरीपूल. त्यांतला एहेगावचा पूल पावणेदोनशे फुटांहून अधिक उंच. एका ठिकाणी तर वळणाला जागाच नव्हती. तेथे गाडीने पुढे जाऊन थांबायचे आणि उलट दिशेने चढू लागायचे, अशी युक्ती बर्कलेने योजली. तो उलट फिरण्याचा थांबा पुढे काढून टाकण्यात आला.

बोगदा खणायचा कसा? दगड काळा कातळ, आपल्या ओळखीचा. सपाट डोंगरात वरून विहिरीसारखी भोके पाडून मधूनही खोदता येते. येथे कडे इतके तुटलेले की तसे करणे शक्य नव्हते; दोन्ही तोंडांनीच आत शिरावे लागे. पहारीने भोक पाडायचे, त्यात दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि पळायचे. डायनामाइटचा शोध अजून लागायचा होता. कड्यावर मोजणीच्या खुणा करायला माणसे दोराने खाली सोडत, आणि काही माणसे तेथून परत वर आली नाहीत. त्याच सुमारास, १८५७ साली, युरोपात आल्प्स पर्वताखाली माँ सेनी बोगद्याचे काम सुरू झाले. त्या वेळी त्याची दोन्ही तोंडे एकाच राज्यात होती. १८६० साली सॅव्हॉय प्रांत फ्रान्सकडे गेला आणि बोगदा दोन देशांना जोडणारा झाला. तो सुमारे १३ किलोमीटर लांब. तेथे दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे आली. आपल्याकडे घण, पहार आणि मनगट.

मनगटे कोणाची, हे सांगायलाच हवे. बोर घाटावर जानेवारी १८६१ मध्ये बेचाळीस हजार माणसे कामाला होती. पाऊस सुरू झाला की काम बंद, दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा सुरू. पटकीची साथ आली की झोपड्यांच्या झोपड्या ओस पडत. शिवाय मजुरी वेळेवर मिळत नसे. ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याखाली मुकादम, आणि पैसा वाटेतच जिरायचा. जानेवारी १८५९ मध्ये बोर घाटावरील मजुरांचा असंतोष उफाळून दंगा झाला, त्यात एक युरोपियन मारला गेला आणि सरकारला चौकशी करावी लागली. ठेकेदार फॅव्हिएलने त्याच वर्षी काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने मात्र ठेका सोडला नाही. जाणत्या माणसांच्या हाती देखरेख देऊन तिने काम तडीस नेले.

या सगळ्यात बर्कलेचा दोष किती? आराखडा त्याचा, ठेकेदारीची पद्धत कंपनीची, असे म्हणून त्याला मोकळे करता येईल. मला ते पुरेसे वाटत नाही; काम त्याच्या नजरेसमोर चालले होते. पण त्याच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. एतद्देशीय माणसाला मोठे काम जमणार नाही, असे मानणाऱ्यांच्या त्या काळात त्याने जमशेटजी दोराबजी या पारशी ठेकेदाराला कामे दिली आणि त्याच्या कामाची वाखाणणीही केली.

डिसेंबर १८६० मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये बर्कलेने थळ घाटाच्या कामावर निबंध वाचला. तोवर त्याची प्रकृती ढासळत चालली होती. घाटमाथ्यावर आपल्या भागात, इगतपुरी ते नाशिक, गाडी १८६१ च्या जानेवारीतच सुरू झाली. खाली कसाऱ्यापर्यंतही गाडी आली होती. मधला घाट तेवढा राहिला होता. त्याच वर्षी बर्कले इंग्लंडला परतला आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी वारला. वय बेचाळीस. बोर घाटातून गाडी गेली ती १८६३ च्या एप्रिलमध्ये. थळ घाट खुला झाला १ जानेवारी १८६५ रोजी. दोन्ही घाटांपैकी एकातूनही त्याला गाडीने जाता आले नाही.

आखणीनंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटली, वाफेची इंजिने जाऊन विजेची आली. तरी कसाऱ्याला आजही बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. ती लागेपर्यंत गाडी थांबते, आणि तेवढ्यात चहावाला खिडकीशी येतो.