पिकांचा हिशेब मांडणारे डॉ. सुखात्मे

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर संख्याशास्त्राच्या अभ्यासासाठी ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून मायदेशी परतले. पुढे पंडित मदनमोहन मालवीय यांची भेट झाली, तेव्हा या विद्येचा देशातील दरिद्री जनतेला काय उपयोग, असे पंडितजींनी त्यांना विचारले. तो प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

त्याचे उत्तर त्यांना शेतात सापडले. १९४० मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले. त्या काळी गावोगावचे अधिकारी नुसत्या नजरेने पिकाची आणेवारी ठरवीत. अंदाज चुकला, तर तो किती चुकला हेही कळत नसे. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. देशात धान्य किती पिकते, हे नीट जाणणे किती निकडीचे आहे, ते तेव्हा साऱ्यांना पटले.

सुखात्मे यांनी नमुना पाहणीची पद्धत रूढ केली. गावे व शेते चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडायची. समजा, ठाणे जिल्ह्यातील बेलवलीची चिठ्ठी निघाली, तर तेथील एका भातखाचरात ठरावीक आकाराचा तुकडा दोरीने आखायचा, तेवढेच पीक कापायचे, झोडायचे आणि दाणे तोलायचे. अशा अनेक तुकड्यांवरून जिल्ह्याच्या पिकाचा अंदाज निघतो आणि त्यात किती चूक संभवते, याची मर्यादाही काढता येते.

दोन जिल्ह्यांचे अंदाज एकत्र केले, तर या मर्यादांची सरळ बेरीज होत नाही. एकीकडे अंदाज जास्त, तर दुसरीकडे कमी, असेही घडते. एका जिल्ह्याची मर्यादा ३ हजार मण आणि दुसऱ्याची ४ हजार मण असेल, तर दोन्ही मिळून ७ हजार नव्हे, तर ५ हजार मण होते; कारण ३ व ४ यांच्या वर्गांची बेरीज २५ आणि २५ चे वर्गमूळ ५.

परंतु एका चुकीवर हा नियम चालत नाही. तुकडा फार लहान असला, तर कडेवरची रोपे आत धरण्याचा मोह होतो आणि उतारा वाढलेला दिसतो. ही चूक प्रत्येक शेतात एकाच दिशेने होते. म्हणून हजारो शेते मोजली, तरी ती कमी होत नाही. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये हे प्रत्यक्ष मोजणीने दाखवून दिले आणि मोठे तुकडे घेण्याचा आग्रह धरला.

पुढे १९७० पर्यंत त्यांनी रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत जगातील भुकेचा हिशेब मांडला. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. २८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या आकड्यात किती चूक असू शकते, हे जो आधी सांगतो, त्याच्याच आकड्यावर विसंबावे, हा धडा त्यांच्या कार्याने घालून दिला.