आनंदीबाईंची राहून गेलेली तयारी

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव घेतले की परदेशी जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी स्त्री आठवते. वयाची २२ वर्षे पूर्ण होण्याआधीच क्षयाने त्यांचा मृत्यू झाला, हेही बहुतेकांना माहीत असते. पण बोटीवर पाय ठेवण्यापूर्वी त्यांची प्रकृती कशी होती, हे क्वचितच सांगितले जाते.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या कल्याणच्या यमुनेचे लग्न नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळाले असते तर बाळ वाचले असते, ही सल मनात राहिली आणि त्यातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला.

पत्नीला अमेरिकेत शिकवता येईल का, अशी विचारणा करणारे गोपाळरावांचे पत्र तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे ते मासिक त्यांच्या हाती पडले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि हळूहळू मावशी-भाचीसारखे नाते जडले.

गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली आणि आनंदीबाईंच्या तक्रारी वाढल्या. सतत अशक्तपणा, डोकेदुखी, मधूनच ताप, कधी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत, हे लोकांसमोर मांडले. धर्म, पोशाख, बहिष्कार अशा सगळ्या आक्षेपांना त्यांच्याजवळ उत्तर होते. उत्तर नव्हते ते अंगातल्या दुखण्याला.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. मांसाहार वर्ज्य असल्याने बोटीवर खाण्याचे हाल झाले. पुढे फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथल्या कडाक्याच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. खोलीत ऊब हवी तर धूर सोसावा लागे, धूर नको तर गारठा. त्यात परके अन्न आणि अभ्यासाचा ताण. ताप, खोकला आणि अशक्तपणा वाढत गेला.

तशाही अवस्थेत ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. पदवी मिळवली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली. पण वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या तेव्हा आजार हाताबाहेर गेला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या एकाही रुग्णाला त्यांना तपासता आले नाही.

या तयारीत खोट काढणे मात्र अन्यायाचे होईल. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे त्या निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी दाखवला होता. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, तर पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ चे. हा जंतू शरीरात वर्षानुवर्षे निपचित राहू शकतो आणि अपुरा आहार, जागरण, ताण यांनी प्रतिकारशक्ती घटली की डोके वर काढतो. परदेशातील पहिली एक-दोन वर्षे नेमकी अशीच असतात. आनंदीबाईंचे दुखणे ओळखण्याचे साधन त्या काळी नव्हते. आज ते आहे.

सास्तूर-लोहाऱ्याकडचा एखादा मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी निघाली, की तिकीट, व्हिसा, फी यांची धावपळ सुरू होते. त्यातच निघण्यापूर्वी निदान सहा आठवडे डॉक्टरांची भेट ठेवावी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटलेले वजन ही लक्षणे असतील तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करूनच घ्यावा. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधे मोफत मिळतात. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त राहायचे असेल, तर भारतातून जाणाऱ्यांना व्हिसासाठी क्षयतपासणीचा दाखला लागतोच. गोवर, कावीळ-ब यांच्या लसी तपासून पूर्ण कराव्यात. आफ्रिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. मधुमेह, दमा, फिट्स यांची औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह न्यावीत, कारण आपल्याकडची काही औषधे आखाती देशांत चालत नाहीत. दातांची कामेही इथेच उरकावीत.

तपासणीत काही निघाले तर जाणे रद्द होईल, या धास्तीने अनेकजण दुखणे लपवतात. क्षयाचा साधा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. तेवढा प्रवास लांबला तरी चालेल. शिकून परत आल्यावर पुढे काम करायला माणूस धडधाकट असला पाहिजे.