घरच्या स्टुडिओत बेस का घुमतो? फोमआधी ‘सॅबिन’ समजून घ्या

दहा बाय बाराची खोली. एक माइक, दोन स्पीकर, भिंतीवर चिकटवलेला इंचभर जाडीचा फोम. तरीही रेकॉर्डिंग ऐकताना डग्ग्याचा एखादा ठोका भलताच फुगतो आणि गिटारचा एखादा खालचा सूर गायबच होतो. दोष माइकचा नसतो, खोलीचा असतो. खोलीचा आवाज मोजायला जगाला शिकवले वॉलेस क्लेमंट सॅबिन यांनी.

सॅबिन यांचा जन्म १८६८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. १८ व्या वर्षी पदवी, मग हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र. पीएचडी त्यांनी कधी केली नाही. १८९५ मध्ये हार्वर्डच्या नव्याकोऱ्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात कोणाचेच बोलणे कळेना. एकेक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे दुखणे या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात मारले.

साधने काय होती? ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदवायचे यंत्र आणि स्वतःचे कान. शहर शांत व्हावे म्हणून काम मध्यरात्रीनंतर चाले. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या सहायकांसह उचलून आणायच्या, मांडायच्या, मोजायचे आणि सकाळपूर्वी परत नेऊन ठेवायच्या. सगळ्या गाद्या लावल्यावर घुमणे सव्वा सेकंदाच्या आत आले. पुढे लक्षात आले, की अंगावरचे कपडेही आवाज शोषतात. मग महिनोन् महिन्यांच्या नोंदी त्यांनी सरळ बाद केल्या आणि प्रत्येक प्रयोगाला तोच पोशाख घालून नव्याने सुरुवात केली. डेटा फेकून देण्याची ही हिंमत सूत्राइतकीच मोठी म्हणावी लागेल.

सूत्र १८९८ मध्ये सापडले. खोलीचे आकारमान जितके जास्त तितका आवाज जास्त रेंगाळतो. शोषण जितके जास्त तितका कमी. त्याच आधारे बांधलेला बोस्टनचा सिंफनी हॉल १९०० मध्ये खुला झाला. सुरुवातीला टीका झाली, आज तो जगातील उत्तम सभागृहांत गणला जातो.

मग हेच सूत्र घरी का पुरत नाही? कारण त्यात आवाज खोलीभर सारखा पसरतो असे गृहीत आहे. छोट्या खोलीत बेस तसा पसरत नाही. १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झची लहर नेमकी अडकते, १० फुटांत ५६ हर्ट्झची. छतही १० फूट असेल तर ५६ वर दुहेरी मार. हा सूर भिंतीलगत फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळपास नाहीसा होतो. म्हणून खुर्ची बरोबर मध्यभागी नको.

फोमबद्दलचा इशाराही सॅबिन यांच्याच मोजमापांत आहे. पुढे त्यांनी ६४ पासून ४०९६ हर्ट्झपर्यंत मोजले, तेव्हा गाद्या-नमदे खालचे सूर बरेच कमी शोषतात हे दिसले. ५६ हर्ट्झच्या लहरीची पाव लांबीच सुमारे पाच फूट भरते. इंचभर फोम तिच्यापुढे पापडच. तो फक्त वरचे सूर खातो आणि उरलेला बेस आणखी उठून दिसतो. पाकिटावरचा ‘एनआरसी’ आकडा २५० ते २००० हर्ट्झचाच असतो, हेही दुकानात कोणी सांगत नाही. खर्च करायचाच तर कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड थर उभे करावेत. बेसचा दाब तिथेच सर्वाधिक असतो.

इलिनॉयमध्ये कर्नल जॉर्ज फॅबियन यांनी सॅबिन यांच्यासाठी रिव्हरबँक ही स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली. पहिल्या महायुद्धातील कामांनी तब्येत ढासळलेले सॅबिन तिथे रुजू होऊ शकले नाहीत. जानेवारी १९१९ मध्ये, अवघ्या ५० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रयोगशाळेची सूत्रे त्यांचे चुलत बंधू पॉल सॅबिन यांनी हाती घेतली. ध्वनिशोषणाचे एकक आजही ‘सॅबिन’ याच नावाने मोजले जाते.