डॉ. कमलाबाई सोहोनी

बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि वालाची आमटी ज्यानें कधींच चाखली नाहीं असा विद्यार्थी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत विरळाच. ह्या साध्या अन्नांत प्रथिन नांवाचें जें पोषक द्रव्य असतें, त्याची घडण कशी असते हें शोधून काढण्यासाठीं आज विद्यापीठांतून स्वतंत्र प्रयोगशाळा चालतात. तेथील संशोधक प्रथिन प्रथम शुद्ध करितात, मग त्याचे स्फटिक बनवितात, त्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडतात, आणि ते किरण कसे विखुरतात ह्यावरून प्रथिनांतील अणूंची मांडणी ठरवितात. हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. कोणी शुद्धीकरण पाहतो, कोणी स्फटिक जोपासतो, तर कोणी गणित मांडतो. ह्या मंडळींत आज स्त्रियाही पुरुषांच्या बरोबरीनें असतात. परंतु ज्या काळीं विज्ञानाच्या संस्थेंत स्त्रीला पाऊल ठेवणेंही दुर्घट होतें, त्या काळीं तेथें आपली जागा मिळवून ती सार्थ करणाऱ्या एका महाराष्ट्रीय विदुषीचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालीं इंदूर येथें भागवत घराण्यांत झाला. त्यांचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत शिकलेले होते. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत ह्या कमलाबाईंच्या भगिनी. अशा घरांत वाढलेल्या मुलीला आपणही त्याच संस्थेंत संशोधन करावें असें वाटलें, ह्यांत नवल तें काय? १९३३ सालीं रसायन व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. ची परीक्षा त्या पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनीं बंगळूरला अर्ज धाडला.

अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक त्या वेळीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन् हे होते. अर्जदार स्त्री आहे, एवढेंच नकाराचें कारण होतें. गुणांत उणीव असती तर कमलाबाईंनीं निमूटपणें माघार घेतली असती; पण येथें उणीव गुणांत नव्हती. त्या थेट बंगळूरला गेल्या आणि प्रवेश मिळाल्यावांचून हलावयाचें नाहीं, असा त्यांनीं सत्याग्रहच मांडला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलें वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून गणलें जाणार नव्हतें. मार्गदर्शक सांगतील तेव्हां, रात्रीं-अपरात्रींही, काम करावें लागणार होतें. आणि त्यांच्या असण्यानें तेथील वातावरण बिघडतां कामा नये, असाही दंडक होता. ह्या अटींचें शल्य त्यांना वृद्धापकाळापर्यंत बोचत राहिलें. तरीही त्यांनीं त्या मान्य केल्या, कारण कामानें उत्तर देण्याची संधि त्यांना हवी होती.

श्री. श्रीनिवासय्या ह्या शिस्तप्रिय गुरूंच्या हाताखालीं त्यांनीं दूध व कडधान्यें ह्यांतील प्रथिनांवर काम केलें. हा विषय निवळ पुस्तकी नव्हता. ज्या देशांत बहुसंख्य लोकांना प्रथिन डाळीकडधान्यांतून मिळतें, तेथें तें कोणत्या दाण्यांत कसें असतें हें जाणणें म्हणजे गरिबाच्या ताटाचा विचार करणें होय. वर्षभरांत रामन् ह्यांची खात्री पटली, आणि पुढें त्या संस्थेचें दार इतर स्त्रियांनाही उघडलें. आपलें मत चुकीचें ठरतांच तें बदलणें हेंही थोरपणाचें लक्षण आहे. मात्र तें बदलावयास लावण्याचा भार एका तरुण मुलीवर पडला, हें विसरतां येत नाहीं. १९३६ सालीं कमलाबाईंनीं एम्. एस्सी. पदवी मिळविली.

त्यानंतर शिष्यवृत्ति मिळवून त्या इंग्लंडांत केंब्रिज विद्यापीठांत गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स तेथें जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते. येथें डॉ. डेरेक रिक्टर ह्यांनीं आपलें टेबल दिवसा त्यांना वापरावयास दिलें. बंगळूरला जी जागा झगडून मिळवावी लागली, ती येथें एका सहकाऱ्यानें आपण होऊन दिली. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर डॉ. रॉबिन हिल ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास चालविला. बटाट्यावर काम करीत असतां त्यांना आढळलें कीं, प्राण्यांच्या पेशींत श्वसनाचें काम करणारें सायटोक्रोम-सी हें लोहयुक्त प्रथिन वनस्पतींतही असतें. झाड आणि प्राणी दिसण्यांत कितीही निराळे असले, तरी अन्नांतून शक्ति मिळविण्याची त्यांची रीत आंतून एकाच जातीची आहे, ही गोष्ट ह्या शोधानें अधिक स्पष्ट झाली. अवघ्या चौदा महिन्यांत, सुमारे चाळीस पानांच्या प्रबंधावर, १९३९ सालीं त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली.

त्याच केंब्रिजमध्यें तेव्हां आणखी एक शास्त्र जन्म घेत होतें. १९३४ सालीं बर्नाल व डोरोथी क्रोफूट ह्यांनीं पेप्सिन ह्या पाचक प्रथिनाच्या स्फटिकांचें क्ष-किरणचित्र घेतलें होतें, आणि रक्तांतील हीमोग्लोबिनच्या घडणीचें कोडें मॅक्स पेरुट्झ ह्यांनीं हातीं घेतलें होतें. सुमारें तीस वर्षांनीं सायटोक्रोम-सीच्या अणूंची मांडणीही ह्याच मार्गानें उकलली. प्रथिन कोठें आहे व काय करितें हें आधीं कोणी तरी दाखवावें लागतें, तेव्हांच त्याची घडण पाहणारे पुढें येतात.

स्वदेशीं परतल्यावर कमलाबाईंनीं दिल्लीचें लेडी हार्डिंज महाविद्यालय व कुन्नूरची पोषणसंशोधनशाळा येथें काम केलें. १९४७ सालीं श्री. सोहोनी ह्यांच्याशीं विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें जीवरसायनशास्त्र शिकवूं लागल्या. तेथें त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या कडधान्यांचा कसून अभ्यास केला. कच्च्या वालांत प्रथिनाच्या पचनास अडथळा करणारें एक द्रव्य असतें. तें त्यांच्या प्रयोगशाळेनें १९५५ सालीं स्फटिकरूपांत वेगळें केलें. अशा द्रव्यांचा जोर उष्णतेनें बराच नाहींसा होतो. म्हणून वाल नीट शिजवून वाढणारी माउली नकळत शास्त्रच पाळीत असते. राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून त्यांनीं नीरेचाही अभ्यास केला आणि तींतील जीवनसत्त्वें व लोह कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना उपकारक आहेत असें दाखविलें. ह्या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. पुढें, विलंबानें कां होईना, त्या संस्थेच्या संचालक झाल्या. १९६६ सालीं स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या संस्थापिकांतही त्या होत्या. १९९८ सालीं त्यांचें देहावसान झालें.

पालकहो, मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आपल्या नगरीस नवा नाहीं. मिस फरार ह्यांनीं येथें चालविलेली मुलींची शाळा १८४८ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं पाहिली आणि पुण्यास परतून तेथें मुलींची शाळा उघडली. ज्या गांवानें असें उदाहरण घालून दिलें, त्या गांवांतील एखादी हुशार मुलगी मॅट्रिकनंतर केवळ ती मुलगी आहे म्हणून घरीं बसविली जावी, ही गोष्ट आम्हांस शोभणारी नाहीं. तिला प्रयोगशाळेच्या दाराशीं झगडावें लागलें तर ती झगडेल. पण निदान घराच्या उंबऱ्याशीं तरी तिला झगडावें लागूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या शेजारच्या बांकावर बसणाऱ्या मुलीला टेबलाशीं उभें राहावयास जागा हवी असेल, तर रिक्टरसाहेबांप्रमाणें थोडें सरकून ती द्या. त्या जागीं उद्यां काय सांपडेल, हें आज कोणासही सांगतां येणार नाहीं.