चार सिलिंडरचा निर्णय

१९८० च्या दशकाच्या मध्यावर देशातील हलक्या मालवाहू वाहनांच्या बाजारात मोठी खळबळ उडाली होती. टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्या एकाच सुमारास भारतीय भागीदारांसह दाखल झाल्या. इंजिनासह सारे तंत्रज्ञान तयार, पाठीशी जपानचा लौकिक. अशा वेळी टेल्कोनेही (आजची टाटा मोटर्स) एखाद्या परदेशी कंपनीशी करार करून तिचे इंजिन घेतले असते, तर कोणालाही नवल वाटले नसते. परंतु त्या वेळी टेल्कोच्या अध्यक्षपदी सुमंत मुळगावकर होते.

मुळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ रोजी मुंबईत झाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर सिमेंट उद्योगात उमेदवारी केली आणि १९४९ मध्ये ते टेल्कोत आले. जमशेदपूरचा हा कारखाना तेव्हा वाफेची रेल्वे इंजिने तयार करीत असे. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि टेल्कोचे ट्रक रस्त्यावर धावू लागले.

करार म्हणजे कायमची कुबडी नव्हे, हे मुळगावकरांनी आरंभीच ओळखले होते. १९६९ मध्ये मुदत संपली, ट्रकच्या नाकावरील मर्सिडीजची चांदणी उतरली, पण उत्पादन थांबले नाही. याचे कारण पिंपरी-चिंचवडमध्ये सापडते. १९६६ मध्ये येथील ओसाड माळावर त्यांनी काम सुरू केले ते ट्रकचे नव्हे, तर ट्रक बनविणाऱ्या यंत्रांचे. यंत्रसाधने, डाय, संशोधन केंद्र आणि तरुण कारागिरांचे प्रशिक्षण यांना त्यांनी अग्रक्रम दिला. पुण्याचा पहिला ट्रक बाहेर पडला तो १९७७ मध्ये. एवढा धीर आजच्या तिमाही हिशेबाच्या काळात कोणा अध्यक्षाला परवडेल काय, अशी शंका येते. माळावर त्यांनी झाडेही लावली, तळे केले.

दुपारच्या जेवणाच्या वेळी साहेब कोठे नाहीसे होतात, याचा छडा सहकाऱ्यांनी लावला तेव्हा ते महामार्गावरील ढाब्यावर ट्रकचालकांशी बोलताना आढळले, अशी कथा उद्योगवर्तुळात सांगितली जाते. कथा किती खरी, हा भाग वेगळा. चालकाची गरज ही टेल्कोच्या आराखड्यातली पहिली ओळ होती, एवढे निश्चित.

जपानी आव्हानाला उत्तर म्हणून १९८६ मध्ये 'टाटा ४०७' आली. तिच्या इंजिनाचे नाव ४९७. टेल्कोच्या या क्रमांकांत इंजिनाची कुंडलीच असते: पहिला आकडा सिलिंडरची संख्या, पुढचे दोन त्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये. म्हणजे ९७ मिलिमीटरची चार सिलिंडर. मोठ्या ट्रकसाठीच्या ६९७ या सहा सिलिंडरच्या इंजिनाचाही व्यास तोच. मात्र त्यातला दट्ट्या १२८ मिलिमीटर वर-खाली होई, ४९७ मध्ये ही धाव १०० मिलिमीटरवर आणली गेली आणि क्षमता २,९५६ घनसेंटिमीटर झाली. मोठ्या इंजिनाचे दोन सिलिंडर नुसते छाटून हे साधले नव्हते. तरीही कुळ जुने, परिचयाचे राहिले. आडरस्त्यावर बंद पडलेली गाडी हाताशी असलेल्या मिस्त्रीने सुरू करायची असते; तेथे अपरिचित यंत्रापेक्षा घरचे यंत्र शहाणपणाचे ठरते. पुढे ४०७ च्या पाच लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. टोयोटा आणि निस्सानचे ते संयुक्त प्रकल्प मात्र त्या रूपात टिकले नाहीत.

१ जुलै १९८९ रोजी मुळगावकरांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी लीलाताई यांनी मुंबईत ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभारली होती. १९९४ मध्ये टेल्कोने नवी गाडी आणली, तिच्या नावाचा जपानी कुस्तीशी संबंध असावा असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात सुमंत आणि मुळगावकर या नावांची रोमन लिपीतील पहिली दोन-दोन अक्षरे घेऊन 'सुमो' तयार झाले होते.