पंडिता रमाबाई : मूळ अर्थाचा ध्यास

शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाने आपल्या सभासदांपुढे ग्रंथ कसा वाचावा, हा प्रश्न ठेवणे उचितच होय. ग्रंथ धर्मग्रंथ असला म्हणजे हा प्रश्न अधिक बिकट होतो. कारण लेखकाला जे सांगावयाचे होते त्यावर शतकानुशतकांच्या टीकांची आणि मतांची पुटे चढलेली असतात. ती दूर सारून मूळ अर्थापर्यंत जाण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या मराठी व्यक्तींमध्ये पंडिता रमाबाईंचे स्थान मोठे आहे. समाजसेविका म्हणून त्या सर्वांना परिचित आहेत. बायबलच्या भाषांतरकर्त्या म्हणून त्यांची ओळख मात्र फारशी करून दिली जात नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि आईकडून ती विद्या रमाबाईंकडे आली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे वाचीत असे. श्रोत्यांना संस्कृत कळत नसे आणि अर्थ उलगडून सांगण्याचा परिपाठही नव्हता. पवित्र शब्द कानावर पडले की पुण्य लाभले, अशी समजूत होती. अर्थावाचून होणाऱ्या या श्रवणाची आठवण रमाबाईंच्या मनातून पुढे कधीच गेली नाही.

दुष्काळात आईवडील गेले. बंधू श्रीनिवासशास्त्री यांच्यासह त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तेथेच केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचण्यास सांगितले. स्त्रियांना निषिद्ध मानलेला ग्रंथ त्या प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी वाचू लागल्या. त्याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबल मिळाले. पण त्यातील संस्कृत त्यांच्या परिचयाच्या संस्कृताहून इतके निराळे होते की त्यांनी ते बाजूला ठेवले. पुढे सिल्चर येथे पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या ग्रंथसंग्रहात लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले, आणि ते मात्र त्यांनी गोडीने वाचले. जाणत्या पंडितेलाही जे संस्कृतात परके वाटले, ते साध्या देशी भाषेत आपलेसे झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८८२ मध्ये वैधव्य आले. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहून, नीलकंठशास्त्री गोरे यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांनी त्याच वर्षाच्या सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्म बदलला तरी वाचनाची शिस्त बदलली नाही. चर्चने ठरविलेली मतसूत्रे जशीच्या तशी मान्य करावीत, अशी मठातील गुरुजनांची अपेक्षा होती. हे मत मूळ ग्रंथात कोठे आहे, असा रमाबाईंचा प्रश्न असे. त्रैक्याच्या सिद्धांतावरून भगिनी जेराल्डीन आणि त्यांच्यामध्ये झालेला वाद त्यांच्या पत्रसंग्रहात वाचावयास मिळतो. ज्यांच्या आश्रयाने राहावयाचे त्यांच्याशीच वाद घालणे सोपे नव्हते. शास्त्रीबुवांचा अधिकार झुगारणाऱ्या या बाईंनी पाद्र्यांचा अधिकारही डोळे झाकून मानला नाही.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. तेथे १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. पालकांची चिंता सर्वस्वी निराधार होती, असे आज कोणी म्हणणार नाही. तसेच त्या काळी विधवांना दुसरा आसरा किती होता, हेही विसरता येणार नाही. पुढे दुष्काळपीडित स्त्रियांनी भरलेले केडगावचे मुक्ती सदन हेच रमाबाईंचे कार्यक्षेत्र झाले.

तेथे चाळिशी उलटल्यावर त्यांनी बायबलच्या भाषांतरास हात घातला. मराठीत बायबल नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी नवा करार १८११ मध्येच छापला होता. पण प्रचलित भाषांतर खेड्यातील बाईस समजत नाही आणि त्यातील संस्कृत शब्द आपल्याबरोबर वेदान्ताचे किंवा पुराणांचे अर्थ घेऊन येतात, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप संस्कृत न जाणणाऱ्याने घेतला असता तर दुर्लक्षिता आला असता. ज्यांच्या जिभेवर भागवत होते त्यांनीच तो घेतला, यात त्याचे वजन आहे. म्हणून इंग्रजीच्या आधारावर विसंबून न राहता त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ शब्दाला साधा मराठी शब्द शोधीत राहिल्या. सदनातील स्त्रियाच छापखान्यात खिळे जुळवीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यापूर्वी भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे भाषांतर चर्चमध्ये सर्वमान्य झाले नाही. शब्दाला शब्द ठेवण्याच्या आग्रहामुळे ते काही ठिकाणी खडबडीत झाले आहे. लेखकाचा हेतू केवळ शब्दांत नसतो, वाक्याच्या वळणातही असतो, हे भाषेच्या अभ्यासकाला मान्य करावेच लागेल. तथापि अर्थ कळल्यावाचून पुण्य नाही, हा त्यांचा आग्रह सर्व धर्मांच्या वाचकांना मार्गदर्शक ठरावा. ज्या मुलीने लहानपणी न समजणाऱ्या श्रोत्यांपुढे पुराणे वाचली, तिने उतारवयात न शिकलेल्या बाईला समजावा म्हणून एक प्रचंड ग्रंथ पहिल्या पानापासून पुन्हा लिहून काढला. ग्रंथालयांनी जतन करावा असा वारसा याहून निराळा तो कोणता?