कुष्ठरोगाचा जंतू लॅबमध्ये वाढत नव्हता, म्हणून कमल रणदिवेंनी त्याला जिवंत पेशींमध्ये ठेवून बघितलं

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुष्ठरुग्ण शोध मोहीम निघाली की आशाताई घरोघर फिरतात. वावरसारख्या गावात त्यांच्याकडे मशीन वगैरे नसतं. अंगावर फिकट चट्टा आहे का, तिथे बधीरपणा आहे का, एवढं बघायचं आणि संशय आला की आरोग्य केंद्रात पाठवायचं. डॉक्टरही मुख्यतः चट्टे आणि नसा तपासूनच निदान करतात. फार तर त्वचेतला द्राव काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात.

टीबीचं तसं नाही. बेडका लॅबमध्ये पाठवला की त्यातले जंतू वाढवता येतात, कोणतं औषध लागू पडेल तेही तपासता येतं. कुष्ठरोगात ही सोयच नाही. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू शोधला, पण आजपर्यंत जगात कुणालाही तो लॅबमधल्या बशीत किंवा नळीत वाढवता आलेला नाही.

या हट्टी जंतूच्या मागे मुंबईत परळला एक मराठी शास्त्रज्ञ लागल्या होत्या. डॉ. कमल रणदिवे.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलगी हुजूरपागेत शिकली. तिने डॉक्टर व्हावं आणि लग्नही डॉक्टरशीच करावं अशी वडिलांची इच्छा होती. झालं भलतंच. मुलीने वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र घेतलं आणि १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितज्ज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी. एमएस्सीचा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी.

मुंबईत आल्यावर टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत खानोलकर भेटले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी झाली आणि त्यांच्याच आग्रहाने कमलताई अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या लॅबमध्ये गेल्या. शरीराबाहेर अखंड वाढत राहणाऱ्या मानवी पेशी, म्हणजे जगप्रसिद्ध हेला पेशी, १९५१ मध्ये वाढवणारे ते हेच गे.

हे तंत्र शिकून त्या भारतात परतल्या. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभारण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. काम मुख्यतः कॅन्सरचं होतं. पण खानोलकरांना कुष्ठरोगाचाही ध्यास होता, आणि हा रोग नसांवर कसा हल्ला करतो याचा त्यांचा खास अभ्यास होता.

एरवी टिश्यू कल्चर म्हणजे जंतूंशी कायमचं वैर. पेशी वाढवायच्या तर उबदार आणि पौष्टिक द्रव लागतो, आणि त्यात बाहेरचा एखादा जंतू शिरला तर एक-दोन दिवसांत सगळी मेहनत पाण्यात. इथे मात्र जंतू मुद्दाम सोडायचा होता. तर्क सरळ होता. हा जंतू माणसाच्या नसांच्या पेशींमध्ये राहतो, मग त्याला तसंच घर का देऊ नये?

सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी मानवी गर्भाच्या पाठीच्या कण्यालगतच्या चेतागाठींच्या पेशी वापरल्या आणि कुष्ठरुग्णांच्या गाठींमधून घेतलेला जंतू वाढवला. १९५८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. संस्थेच्या नावावरून जंतूचं नाव पडलं आयसीआरसी बॅसिलस.

पण हा खरंच कुष्ठरोगाचा जंतू होता का? नाही. पुढच्या तपासण्यांत तो त्याच घराण्यातला, पण वेगळा जंतू ठरला. म्हणजे जे शोधायला निघाले ते हाती लागलं नाही. तरी जे लागलं तेही कामाचं होतं. भावकीतला असल्यामुळे या जंतूशी ओळख झाली की शरीर खऱ्या शत्रूलाही ओळखू शकतं. त्यावरूनच मुंबईत कुष्ठरोगाची लस बनली. तमिळनाडूत १ लाख ७१ हजार लोकांवर वेगवेगळ्या लसींची तुलना झाली. १९९८ च्या निकालात आयसीआरसी लसीचं संरक्षण ६५.५ टक्के निघालं आणि एकट्या बीसीजीचं ३४.१ टक्के. तोवर एमडीटीच्या गोळ्यांनी रुग्णसंख्या बरीच खाली आणली होती. राष्ट्रीय लसीकरणात ही लस आली नाही.

कमलताईंना १९६४ मध्ये वाटुमल पुरस्कार मिळाला तो कुष्ठरोगाच्या जंतूवरच्या कामासाठी. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. १९८२ मध्ये पद्मभूषण. २०२१ मध्ये गूगलने त्यांचं डूडल केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

लॅबबाहेरचं त्यांचं काम तर त्याहून कमी माहीत आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, गावातल्या बायकांना आरोग्याचे धडे दिले. अकोले घाटावरचं, जव्हार-मोखाडा घाटाखाली. पण महादेव कोळी, ठाकर ही वस्ती दोन्हीकडे, आणि पावसाळ्यातली उपासमारही. कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे १९९२-९३ मध्ये राज्यभर गाजलेलं वावर-वांगणी याच घाटाखालच्या पट्ट्यातलं.

फेब्रुवारी २००१ मध्ये कुष्ठरोगाच्या जंतूची पूर्ण जनुकीय रचना प्रसिद्ध झाली. टीबीच्या जंतूकडे सुमारे ४ हजार जनुकं चालू असतात, याच्याकडे जेमतेम १,६०० उरली आहेत. अकराशेच्या वर निकामी होऊन पडली आहेत. जगायला लागणारं बरंच काही तो स्वतः बनवूच शकत नाही, दुसऱ्याच्या पेशीतून घेतो. साध्या बशीत तो का वाढत नाही, याचं उत्तर इतक्या वर्षांनी मिळालं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ११ एप्रिल २००१ रोजी, कमलताईंचं निधन झालं.